पोरांना मासेमारी शिकवायचीय? मग गळ सगळ्यात शेवटी हातात द्या

पहिल्या खेपेला मी सोसायटीतली नऊ पोरं घेऊन सकाळी आठला जेट्टीवर पोचलो आणि समोर पाणीच नाही. म्हणजे खाडी होती, पण लांब कुठेतरी चकाकणारी एक पट्टी, आणि पायापासून तिथपर्यंत नुसता काळा चिखल, त्यात निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, टणाटण उड्या मारतायत आणि एक होडी कुशीवर पडलेली. पोरांच्या हातात ऑनलाइन मागवलेल्या नव्याकोऱ्या रॉड, डोक्याला टोप्या, एकीच्या आईने तर सँडविचचा डबा भरून दिलेला. शेडमधे जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या दादांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आरं, पानी बगून यायचं का नाय? आता बसा दुपारपरत."

बसलो. आणि खरं सांगतो, ते जे पाच-सहा तास बसलो त्यात पोरं जे शिकली ते नंतर दुपारी गळ टाकून शिकली नाहीत. त्यामुळे आता मी क्रम ठरवूनच टाकलाय, आधी पाणी, मग जागा, मग माणसं, मग माप, आणि गळ सगळ्यात शेवटी. ऐरोली, नेरुळ, बेलापूर, विटावा, चेंदणी असं कुठेही राहत असाल तर ठाणे खाडी तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, त्यामुळे हे सगळं चार-पाच रविवारात आरामात होतं. एकाच दिवशी कोंबायला जाऊ नका.

पहिला रविवार: घरीच, कॅलेंडर घेऊन

भिंतीवरचं कॅलेंडर काढा, ज्यात तिथी असते ते. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या आसपास पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. आपल्या आजोबांच्या पिढीला पाऊणकी पाठ असायची, पोरांना ती काय भानगड आहे हेही माहीत नसतं, पण इथे ती एकदम कामाला येते आणि गणिताचा कंटाळा करणारी पोरंसुद्धा पटापट सांगायला लागतात.

आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दिवशी तृतीया होती. तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला, आणि त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. मी नेमका आठला नऊ पोरं घेऊन तिथे हजर! आणि अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, म्हणून एवढा लांबपर्यंत चिखल उघडा पडलेला. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

पोरांना पंधरा दिवसांचा गृहपाठ द्या. रोज तिथीवरून वेळ काढायची, वहीत लिहायची, आणि मग मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघून शेजारी ती वेळ लिहायची. अर्धा-पाऊण तास फरक येतो कधीकधी, आणि मुंबईची वेळ असेल तर आत ठाण्याकडे पाणी अजून थोडं उशिरा चढतं, कारण खाडी लांब आहे आणि वर वर अरुंद होत जाते. हा फरक का येतो हे पोरांनाच शोधू द्या, लगेच सांगून टाकू नका. जेट्टीवर पोचायची वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या दोन तास आधी, चढत्या पाण्याबरोबर मासा आत येतो. भरतीनंतर तासाभरात गाशा गुंडाळायचा.

दुसरा रविवार: कुठे जायचं आणि कुठे अजिबात नाही

ठाणे खाडीचा एक मोठा भाग अभयारण्य आहे हे इथे जन्मलेल्या कित्येकांना माहीत नसतं. ऐरोली पूल ते वाशी पूल या मधल्या पट्ट्यात पश्चिमेकडच्या बाजूला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, आणि २०२२ मधे ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, साधारण साडेसहा हजार हेक्टर. तिथे पोरांना घेऊन हौसेने गळ टाकायला जायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांचा विषय वेगळा, आपण रविवारचे पाहुणे.

पण बघायला मात्र नक्की न्या. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते, तीही भरती बघूनच, म्हणजे पहिल्या रविवारचा गृहपाठ इथे वसूल होतो. नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो असतात. पण पोरं नुसती गुलाबी पक्ष्यांचे फोटो काढत बसतात, त्यांना जरा खाली बघायला लावा. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ती तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या (मॅन्ग्रोव्हच्या) एका झाडाची श्वसनमुळं, चिखलात हवा नसते म्हणून झाड नाक वर काढून बसलंय. तिवराच्या पानावर कोरड्या दिवशी बोट फिरवलं तर मिठाचे बारीक कण लागतात, झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. पान तोडायचं नाही, नुसतं बोट फिरवायचं. पांढरी चिपी ओळखायला शिकवा, २०२० पासून ते आपलं राज्य कांदळवन वृक्ष आहे. आणि गळाच्या काठीसाठी कांदळवनातली फांदी मोडायची नाही हे आधीच सांगून ठेवा, कारण पोरांच्या डोक्यात ते येतंच. उच्च न्यायालयाने २००५ मधे आणि पुन्हा २०१८ मधे बजावलंय, कांदळवन तोडणं, त्यात भराव टाकणं बंद.

या मुळांच्या जाळीत कोळंबी, बोईट, खेकडे यांची पिल्लं लपून वाढतात, मोठा मासा तिथे घुसू शकत नाही. पोरांना मी सांगतो, ही माशांची बालवाडी आहे.

प्रत्यक्ष गळ टाकायला दिवाळे, सारसोळे, वाशीगाव अशा कोळी गावांच्या जेट्ट्या बऱ्या, पण आधी एकदा मोठ्या माणसाने एकट्याने जाऊन गावातल्या लोकांना विचारून यायचं. कुठल्या वेळी होड्या लागतात, जाळी कुठे बांधलीयत, पोरं कुठे बसली तर चालेल. ठाण्यातल्या तलावांचं म्हणाल तर मासुंदा, उपवन, कचराळी वगैरे ठिकाणी महापालिकेला विचारल्याशिवाय काठी बाहेर काढू नका, तलावात बऱ्याचदा मासे सोडलेले असतात आणि त्यांचा ठेका कुणाकडे तरी असतो. अगदी लहान पोरं असतील तर बदलापूर-मुरबाडकडे कुणाचं मत्स्यतळं असेल तिथे पैसे देऊन बसलेलं सगळ्यात सोपं, चिखल नाही, भरती नाही.

तिसरा रविवार: शिकवणारे आपण नाही

यूट्यूबवर बघून शिकवणारे बाबालोक मी खूप बघितलेत, मीही त्यातलाच होतो. पण ज्या घरात चार पिढ्या खाडीवर गेल्यात तिथल्या माणसाला अर्धा दिवस मागा, आणि फुकट मागू नका. त्यांचा अर्धा दिवस म्हणजे त्यांची रोजी. आम्ही घरटी दोनशे रुपये काढतो आणि आधीच हातात देतो. पोरांना सांगून ठेवलंय, अंकल-बिंकल नाही, दादा म्हणायचं, काकू म्हणायचं, नमस्कार करायचा आणि मधे बोलायचं नाही.

त्या दिवशीच्या दादांनी पोरांना पहिली दाखवली ती चिंबोरी, खाडीतला खेकडा. फगीत, म्हणजे खेकड्याच्या सापळ्यात सापडलेल्या दोन, दोन्ही उताण्या केल्या. एकीच्या पोटावरची झडप निमुळती, त्रिकोणी, तो नर. दुसरीची रुंद, गोलसर, ती मादी. मग त्यांनी मादीची झडप अंगठ्याने जरा उचलली, आत नारिंगी अंड्यांचा स्पंजासारखा लगदा चिकटलेला. पोरं एकदम गप्प. दादांनी ती जेट्टीच्या पायऱ्या उतरून हळूच पाण्यात सोडली, आणि वर येऊन हात पुसत म्हणाले, "ही लाखांनी पिल्लं देनार, हिला खाऊन काय करू?" त्याच्यावर एक शब्द लेक्चर नाही. मी तोपर्यंत संवर्धन या विषयावर सात स्लाइडचं प्रेझेंटेशन बनवून ठेवलेलं, ते आजतागायत उघडलेलं नाहीये.

बायकांना विसरू नका. चिखलात उतरून कालवं, शिंपल्या, निवट्या गोळा करणं आणि मासळी विकणं हे दोन्ही त्यांच्याकडे, त्यामुळे पूर्वी काय मिळायचं आणि आता काय मिळत नाही याचा हिशोब त्यांच्याइतका पक्का कुणाकडे नसतो. पोरांना तीनच प्रश्न द्या: तुम्ही लहान असताना इथे कुठले मासे होते, आता कुठले नाहीत, कशामुळे. उत्तरात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी येईल, शहराचं सांडपाणी येईल, भराव येईल, प्लास्टिक येईल. पोरांनी जसं ऐकलं तसं लिहायचं, त्यांच्या बोलीत, शुद्ध करायला जायचं नाही.

चौथा रविवार: फुटपट्टी

हा माझा सगळ्यात आवडता. एक फूटभर प्लायवूडचा तुकडा घ्या, एका टोकाला उभी पट्टी ठोका, त्यावर शिंप्याची टेप चिकटवून वार्निश मारा. झाली मापाची फळी. माशाचं तोंड उभ्या पट्टीला टेकवायचं, शेपटीच्या टोकापर्यंत वाचायचं.

ती घेऊन मासळी बाजारात जा, सकाळच्या गर्दीत नाही, जरा गिऱ्हाईक कमी झाल्यावर, आणि काहीतरी विकत घेऊनच. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याच्यापेक्षा लहान पकडायचा नाही, चंदेरी पापलेटला ती १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट राज्य मासाही झाला. साडेतेरा सेंमी म्हणजे केवढं हे पोरांना आधी हाताने दाखवायला सांगा, मग फळीवर बघू द्या. विकत घेतलेलं मोजायचं, मावशीच्या टोपलीत हात घालायचा नाही, आणि लहान निघालं तर तिला ऐकवायचं तर अजिबात नाही. तिने ते पकडलेलं नाही, आणि आपण स्वस्तात मागतो म्हणून ते बाजारात येतं. आमच्याकडच्या एका पोराने घरी जाऊन आजीला बजावलं, एवढुसं पापलेट आणायचं नाही, आजी अजून माझ्यावर रागावलेली आहे.

घरी आलात की बादलीचा खेळ. एक टब पाणी, त्यात सहा मोसंबी, दहा सुपाऱ्या, वीस वाटाणे. मोसंबी म्हणजे मोठा मासा, सुपारी मधला, वाटाणा पिल्लू. तीन जाळी: मच्छरदाणीचा तुकडा, कांद्याची पिशवी, आणि जुन्या क्रिकेट नेटचा तुकडा. एका फेरीत एकदाच ओढायचं. फेरी संपली की टबात उरलेल्या प्रत्येक मोसंबीमागे चार वाटाणे टाकायचे, आधीच्या वाटाण्यांच्या जागी सुपाऱ्या, सुपाऱ्यांच्या जागी मोसंबी. मच्छरदाणीवाला गट दुसऱ्या फेरीत रिकामा बसलेला असतो, क्रिकेट नेटवाला पाचव्या फेरीलाही ओढत असतो. जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात, आणि ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा असा नियम का आहे, हे आता वेगळं समजवावं लागत नाही. (मोसंबी तरंगतात, वाटाणे बुडतात, थोडी चिडाचिडी होते, चालायचंच.)

मग एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, सगळी मोठी काढली तर पिल्लं कोण घालणार? तेव्हा जिताडा सांगायचा. खाडीतला हा मासा आधी नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळे मोठे जिताडे उचलले तर माद्याच गेल्या. लहान सोडा हे खरं, पण मोठ्यातलेही थोडे राहायला पाहिजेत, आणि हे पोरांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

पाचवा रविवार: आता घ्या गळ

महागडी रॉड नको. सात-आठ फुटी बांबू, तेवढाच लांब तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, लहान गळ. शिशाचं वजन पोरांच्या हातात देऊ नका, ते विषारी, हार्डवेअरच्या दुकानातला छोटा नट बांधला तरी काम होतं. तरंगायला बुचाचा तुकडा, थर्माकोल नको, त्याचे गोळे पाण्यात सुटतात. गळाच्या टोकाशी आत जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून चपटा करा. मासा कधीमधी सुटेल, पण तोंड फाटणार नाही, आणि कुणाच्या बोटात घुसला तर डॉक्टरकडे न जाता निघेल. हे दुसरं कारण आयांना जास्त पटतं.

गाठ अशी: तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळायचं, मग ते टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घालायचं, थुंकी लावून ओलं करायचं आणि हळू ओढायचं. कोरडं ओढलं तर तंगूस घासून कमजोर होतो. आधी सुतळी आणि चावीच्या रिंगवर वीस वेळा करून घ्या.

आमिष म्हणून सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, तळ्यात असाल तर कणकेची गोळी किंवा गांडूळ. काठी फिरवायच्या आधी मागे बघून मोठ्याने "मागे!" ओरडायचं, हा नियम मोडला की त्या दिवसापुरती काठी जप्त. तीन पोरांमागे एक मोठं माणूस, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. चिखलात उतरायचं नाही, तो गुडघ्यापर्यंत ओढतो आणि आत कालवांच्या धारेने पाय कापतो. पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी वही सांभाळायची. आठ वर्षांखालच्यांच्या हातात गळ नाही, त्यांच्याकडे फळी आणि पेन्सिल.

मासा लागला की गोंधळ उडतो, म्हणून आधी रंगीत तालीम करा, स्पंजाचा मासा घेऊन. हात ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग होतो. पाण्याबाहेर काढला की त्या पोराने स्वतः श्वास रोखून धरायचा, आपला श्वास संपायच्या आत मासा पाण्यात परत. एवढ्यात मोजायचं, बघायचं, फोटो काढायचा असेल तर तोही. सोडताना फेकायचा नाही, पाण्यात तोंड पुढे करून धरायचा, तो स्वतःच्या बळाने निघतो. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढी करू नका, तंगूस तोंडाजवळ कापा.

जेट्टीवर हमखास लागतो तो शिंगाळा. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा, टोचला तर जाम ठणकतं. सहन होईल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, त्याने विष उतरतं, मग जखम धुऊन डॉक्टरला दाखवायची. गरम पाण्याचा थर्मास म्हणूनच न्यायचा असतो, चहासाठी वेगळा न्या.

खायचं का? आमच्याकडे जेट्टीवर पकडलेलं आम्ही खात नाही, शहराचं पाणी जिथे मिसळतं तिथलं पोरांच्या पोटात नको, आणि तसंही सगळे लहानच लागतात. तळ्यावर गेलो तर एक-दोन चिलापी (तिलापिया) घरी येतात. चिलापी आपली नाही, १९५२ मधे ती भारतात आणली गेली, मादी अंडी तोंडात सांभाळते त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात आणि देशी माशांना जागा उरत नाही. ती सोडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. उलट घरातल्या फिशटँकमधला सकर मासा मोठा झाला म्हणून उपवनला नेऊन सोडणारे लोक आहेत ना, त्यांच्या पोरांना आधी बोलवा.

निघताना तंगूसाचा प्रत्येक तुकडा गोळा करायचा, आपला आणि दुसऱ्याचाही, कारण तो पक्ष्यांच्या पायात अडकतो. आम्ही एकदा तिवरात लटकलेला बगळा सोडवला, म्हणजे एका कोळी दादांनी सोडवला, आम्ही बघत होतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, काठीच्या गळाला तो नियम लागू नाही, पण आम्हीही बंद ठेवतो. जेट्टी निसरडी, पाण्याला ओढ, आणि माशांचे विणीचे दिवस. ते दोन महिने जाळं विणायला शिकायचं आणि वह्या पुऱ्या करायच्या, मग नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात नारळ द्यायला जायचं.

वहीत रकाने एवढेच: तारीख, तिथी, भरती काढलेली आणि खरी, मासा, लांबी, काय केलं. आमच्यातली सर्वात लहान, जिला अजून गळ मिळालेला नाही, तिची शेवटची नोंद अशी आहे: "पंचमी. मी काढली पावणेचार, खरी सव्वाचार. शिंगाळा १४ सेंमी. दादाने सोडला. दादाला टोचला. दादा रडला नाही असं लिही म्हणाला."